पुंडलिकबाबांचा मळा

पणजीतल्या मळा नावाच्या वस्तीत कुणी पत्ता विचारला, की पुंडलिकबाब त्याला नसलेल्या खुणा सांगत. "मिठागराकडल्यान सरळ वच, फणस लागतलो, थंय दाव्यान वळ." मिठागरावरून तेव्हा बसगाड्या धावत होत्या आणि फणस केव्हाच कुणाच्या तरी दारखिडक्या होऊन बसला होता. माणूस गरगर फिरून घामाघूम परत येई. मग बाब छत्री उचलत, "चल मरे, पावयतां तुका."

ती वाट साधी नसे. जुन्या वांग्यांच्या वाफ्यांची जागा दाखवत बाब म्हणत, "हांगा वांयगीं जातालीं. मळो म्हणजे मळोच मरे!" डोंगराच्या पायथ्याशी झरीचं पाणी प्यायला लावत, तहान असो-नसो. कुठल्या बालकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, राज्यात कोण चोरून वर्तमानपत्र वाचायचा, मारुतीच्या जत्रेत कुठल्या भावांचं खाज्यावरून वाजलं, हे सगळं ऐकल्यावरच घर हाती लागे. मुलगी बघायला निघालेला एक नवरदेव इतका उशिरा पोचला, की पोरीकडच्यांनी पोहे आपणच खाऊन टाकले होते.

मी बाबल्या, पेडण्याकडचा. सातवीत शाळा सुटली आणि नदी ओलांडून इथे शिंप्याकडे काजं करायला लागलो. ओळखीचं कुणी नव्हतं. बाबांनी आपल्या घराची मागची खोली दिली. तरी मला सतत धास्ती, कुणीतरी म्हणेल, जा परत. आणि खरंच आईचा निरोप आला: "बघूक येतंय. जागा बरी नसली तर घेऊन जातलंय." मामाने गावाकडे खाणीवर ट्रक धुवायचं काम बघूनच ठेवलं होतं.

मालकाने सुट्टी दिली नाही. दुपारी धावत खोलीवर आलो, तर आई नाही. सकाळच्या बसने निघालेली बाई! गल्लीच्या तोंडाशी उभा राहून माझा जीव कासावीस झाला. शेवटी वळणावर छत्री दिसली. छत्रीखाली आई, गाठोडं काखेत, आणि बाब स्वतः उन्हात. तिने वाटेत नेमका बाबांनाच पत्ता विचारला होता.

माझा तोल गेला. "बाब, तुमच्याच घराचा पत्ता! तोसुद्धा सरळ सांगता येत नाही?"

बाब जमिनीकडे बघत म्हणाले, "येता मरे. पूण सरळ सांगल्यार मनीस सरळ वता. मागीर म्हजेकडेन उलयता कोण?"

बाबांना मागेपुढे कुणी नव्हतं, घरात बोलायलाही कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून मात्र ते असं कधी ऐकलं नव्हतं.

"ह्यांका कित्याक बोलतंस रे?" आई माझ्यावरच उखडली. "घराघरात नेऊन सांगितल्यानी, ही आमच्या बाबल्याची आवय. तुझी काजां किती बारीक, ता पण सांगितल्यानी. माका वाटलेला, हंय तुका कोणच नाय." मग गाठोडं खाली ठेवत म्हणाली, "मामाक काय सांगूचा ता मी बघतंय."

मी राहिलो. आज ह्याच मळ्यात माझं स्वतःचं शिवणयंत्र चालतं, ते त्या दिवसाच्या पुण्याईवर.

त्या दुपारी खोलीत शिरताच आई पदर खोचून चुलीकडे वळली. "बाबानु, जेवलास?"

"ना गे बाये."

"मगे बसा."

घर त्यांचंच. पण मी राहायला आल्यापासून बाब पहिल्यांदाच माझ्या खोलीत आले, आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसले.