जात्यावरचं ग्रामर

इंग्रजीचं ग्रामर स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. (पुस्तक उसनं होतं, अक्कल मात्र माझी स्वतःची.) केजच्या तहसील कचेरीत सगळा कारभार उर्दूत, पण इंग्रजी टपालासाठी बीडला परीक्षा घेऊन एक कारकून नेमणार होते. ती जागा मला मिळालीच, असं मी सासऱ्यांना, म्हणजे शंकरप्पांना, आधीच सांगून बसलो होतो. त्यांनी आपल्या गावी, युसूफ वडगावात, पेढे वाटले. आता नापास झालो तर तोंड कुठं दाखवणार?

'सिन्स' कुठं, 'फॉर' कुठं, 'अ' कधी, 'अ‍ॅन' कधी, सगळी भिंत भरली. पहाटे बायको, शिवकांता, जात्यावर दळायची आणि मी शेजारी बसून घोकायचो.

परीक्षेला चार दिवस उरले असताना कचेरीत चौकशी करून घरी आलो, तर भिंत पांढऱ्या मातीनं लख्ख सारवलेली.

"अगं, माझं ग्रामर?"

"घट बसायला आलेत. देवीम्होरं काळी भिंत ठिवू का?"

"माझी नोकरी पुसलीस तू."

"रडू नगा. समदं पाठ हाय मला."

तिला बाराखडीही येत नव्हती. तिनं जात्याचा खुंटा धरला आणि गळा काढला:

कवापासून इचारता, सिन्स आला दारी गं,
किती दिस इचारता, फॉर बसला घरी गं.

मी महिनाभर घोकत होतो, तेव्हा ही ओव्या जुळवत होती.

"मला शिकव की."

"नुसतं बसून येत न्हाई. खुंटा धरा."

चार दिवस मी दळलं.

बीडला साहेबांनी विचारलं, "केजात दोन वर्षं राहतो, यात काय लावाल?"

डोकं कोरं. (त्या भिंतीसारखंच.) मग उजवा हात आपोआप गोल फिरायला लागला आणि तोंडातून ओवी सुटली. दारातल्या शिपायानं, तात्याबानं, पागोट्याच्या शेमल्यात तोंड लपवलं.

"फॉर, हुजूर."

"बरोबर. पण हात का फिरतो?"

"दळतोय, हुजूर."

पास झालो. इतका आनंद झाला की केजपर्यंत गाडीवानालाही ओव्या ऐकवल्या. पण ओव्या विसरू नयेत म्हणून आता रोज दळावं लागतं. परवा शंकरप्पा गावातली चार मोठी माणसं घेऊन जावयाचा रुबाब दाखवायला आले.

"इंग्रजीवालं सायेब कुटं हायत?"

"आत हायत, आप्पा," शिवकांता म्हणाली. "दळायलेत."

पुढच्या खेपेला शंकरप्पा आले ते जोंधळ्याचं पोतं घेऊनच.