पगडी, मिशा आन् मधली जागा

सासऱ्याच्या फ्लेक्सवर जागा मोकळी सोडाची, हे मी पूर्ण शुद्धीत ठरवलं. (घरी यावर अजूनबी दुमत आहे.)

दारव्ह्याले माह्यं फ्लेक्स छापाचं दुकान आहे. लोक सकाळी उठून पेपर वाचतात, मी मोबाईलवर जगातल्या डिझाईनच्या बातम्या वाचतो. कोणत्या देशात कोणत्या जाहिरातीले बक्षीस भेटलं, कोणी कोणता रंग काढून टाकला, सारी खबर मले असते. त्या दिवशी वाचलं का जगात आता रिकामी जागा चालून राह्यली. जेवढं कमी छापसान, तेवढं लोक जास्त पाह्यतात. मले पटलं. शाईबी वाचते.

त्याच हप्त्यात माह्ये सासरे डोंगरसिंग, बोरी अरबजवळच्या तांड्यावरचे, निवडणूक जिंकून तिथल्या सेवा सोसायटीचे अध्यक्ष झाले. वर्षानं आन् मी पळून जाऊन लग्न केलं तवापासून ते माह्याशी एक शब्द बोलत नाहीत. मी समोर बसलो असलो तरी वर्षालेच सांगतात, "याले म्हणा, पंख्याखाली बस." मी पंख्याखाली बसतो. माह्ये आभारबी वर्षामार्फतच जातात.

"बापू सध्या मोठे खुश आहेत," वर्षा म्हणाली. "ऋतिक, असा फ्लेक्स बनव का ते तुह्याशी बोललेच पाह्यजेत."

"बोलतीन."

"साधाच बनव. मधात बापू, वर नेते, खाली शुभेच्छुक. गॉगलवाले."

"वर्षा, जग पुढं गेलं."

"जाऊ दे ना मंग. तू कायले त्याच्या मांगं धावतं?"

मी धावलो. पांढराफट फ्लेक्स. मधात काळ्या रेषेत पगडी. खाली थोडं अंतर सोडून मिशा. त्याच्या खाली बारीक अक्षरात 'अभिनंदन'. बस. चेहरा नाही. चेहरा पाह्यणाऱ्यानं आपल्या मनातून भराचा. नावबी नाही, कारण डोंगरसिंगच्या मिशा बोरी अरबात कोणाले सांगा लागत नाहीत. (स्वतःचं काम पाहून माह्या डोळ्यात पाणी आलं. वर्षाले वाटलं सर्दी झाली.)

बाजाराच्या दिवशी सकाळी बोरी अरबच्या स्टँडवर उकंडा शिडी लावून चढला. माह्ये सारे फ्लेक्स तोच बांधते.

"भाऊ, शाई संपली का?" त्यानं वरून विचारलं.

"डिझाईन आहे ते."

"बरं," उकंडा म्हणाला. मयतीले गेल्यावर म्हणतात, तसं.

सत्कार दुपारी होता. मी जेवाले गेलतो. वापस आलो तं फ्लेक्सखाली लाईन लागली होती. आमच्याकडं फ्लेक्सवर मोकळी जागा दिसली का कला कोणाले दिसत नाही, शुभेच्छुकाची शिल्लक जागा दिसते. लोक घरून पासपोर्ट फोटो आन् फेव्हिकॉल घेऊन आलते. कोणी आधार कार्डाची झेरॉक्स डकवली. भागीरथाबाईनं नातवाचा जावळातला फोटो लावला. बोअरवेलवाल्यानं आपलं कार्ड लावलं. एका कोपऱ्यात 'बोकड विकणे आहे', बोकडाच्या फोटोसकट. उकंडा मोठ्या जबाबदारीनं शिडी धरून उभा.

आन् मधात, पगडी न् मिशीच्या बरोब्बर मधात, हरिसिंग. हरिसिंग म्हणजे सासऱ्याच्या विरोधात उभे राहून पडलेले उमेदवार. मोठा रंगीत फोटो. खाली त्याईची बायको बिजलीबाई हाताचा फेव्हिकॉल पदराले पुसून राह्यली होती.

"मावशी, हे काहून लावलं?"

"पडलेल्या माणसानं शुभेच्छा देऊ नये का? प्रचाराचे फोटो लय उरले घरी."

"पण तिथंच कायले?"

"खाली होती ना जागा. याईले फुकटात पगडी भेटली." तिनं मांगं सरकून पाह्यलं. "खरं सांगू का पोरा, लग्नातबी एवढे चांगले दिसले नव्हते."

हे दुर्दैवानं खरं होतं. मिशी त्याईलेच शोभून राह्यली होती. येणारे जाणारे हरिसिंगले फोन लावून अभिनंदन करत होते.

तेवढ्यात वर्षाचा फोन. "आम्ही निघालो. बापूनं नवा शर्ट घातला. म्हणतात, फ्लेक्स चांगला असला तं जमाईशी आज बोलूनच टाकतो."

मी शिडीवर चढलो. हरिसिंगले नखानं खरवडलं. निघत नव्हते. जोरात ओढलं तं संगं मिशीबी उखडू लागली. आता झाकणं हाच उपाय. गाडीच्या डिक्कीत फक्त माह्या दुकानाची पोस्टरं होती, त्याच्यावर फक्त माहा फोटो. उकंडानं एक आणून देलं. मी चेहरा फाडून हरिसिंगवर डकवला, हातानं दाबून धरला. म्हटलं दोन मिनिटाचं काम, मंग सासऱ्याचा फोटो पैदा करू.

जीप थांबली.

सासरे उतरले. हात मांगं बांधून फ्लेक्ससमोर उभे राह्यले. वर्षानं तोंडावर पदर घेतला. शिडीवर मी, बाजूले पगडी-मिशीतबी मीच. सासऱ्यानं फ्लेक्स पाह्यला. मंग मले पाह्यलं. मंग पुन्हा फ्लेक्स. माह्या चेहऱ्याच्या मांगून हरिसिंगचा एक कान बाहेर आलता.

वर्षा पुढं झाली, नेहमीसारखा निरोप घ्याले. त्याईनं तिले हातानं थांबवलं.

"जमाई," ते थेट मले म्हणाले.

"जी, बापू."

"हरिसिंगच राहू द्याचा होता."