दौलततात्या आणि सोन्याचे देश

आमचे शेजारी दौलततात्या देशांची नावं भावकीतल्या माणसांसारखी घेतात. सकाळी मी अंगण झाडत असले की कुंपणापलीकडून आवाज येतो, "म्याडम, दक्षिण आफ्रिका पार थकली बगा. घाना मात्र जोरात हाय." नवख्या माणसाला वाटतं, घाना म्हणजे यांचा कुणी पुतण्या असावा. तात्या बोलत असतात ते खाणीतून निघणाऱ्या सोन्याबद्दल. कोणता देश जास्त सोनं काढतो, कोण वर चढला, कोण घसरला, याशिवाय त्यांना दुसरा विषय नाही. क्रम बदलल्याचं कळलं की मांडीवर थाप मारून म्हणतात, "गादी हलली."

विट्याच्या आसपासची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. मोडीतले दागिने, सराफाच्या दुकानातली झाडलोटसुद्धा, भट्टीत वितळवायची आणि त्यातून चोख सोनं वेगळं काढायचं, ही गलाई. त्यासाठी इथली मंडळी देशभर पांगली. तात्या मदुराईला होते. विशीत गेले ते साठी उलटल्यावर परतले. अजूनही राग आला की त्यांना तमिळ सुचतं.

मी मूळची साताऱ्याची. इथल्या हायस्कूलवर भूगोल शिकवायला आले आणि पहिल्याच महिन्यात आठवीच्या वर्गाला सांगून बसले, की सोनं काढण्यात दक्षिण आफ्रिका जगात पहिली. लहानपणी मी तेच पाठ केलं होतं, परत तपासायचं काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात टोपी घातलेले, काखेत वही मारलेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. घर घेताना यांना कुंपणापलीकडे पाहिलं होतं, बोलणं झालं नव्हतं.

"भूगोलाच्या म्याडम तुमीच न्हवं?"

"हो, मीच."

"आफ्रिका पहिली म्हून तुमी सांगितलं?"

"हो. का?"

"आवं, ती कवाच उतरली. गादीवर चीन बसलाय, त्यालाबी लय सालं झाली. पोरास्नी जुना राजा नका सांगू."

बाकीच्या शिक्षकांनी डबे खाली ठेवले. मी मोबाइल काढून पाहिलं. तात्या बरोबर होते. मी म्हटलं, "चुकलं माझं."

तात्यांना एवढा आनंद झाला की ते समोरच्या खुर्चीत बसले आणि माझ्या डब्यातल्या थालीपिठाचा तुकडा मोडून खाऊ लागले. "चुकलं म्हननारा मास्तर मला पहिल्यांदाच भेटला," ते म्हणाले. हेडसर कोपऱ्यातून सगळं ऐकत होते. त्यांनी सांगितलं, "तात्या, मग शनिवारी तुम्हीच सांगा पोरांना."

शनिवारी तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले आणि शाळेच्या मैदानातल्या कडुलिंबाखाली मुलांसमोर उभे राहिले. मिनिटभर ते नुसते वही चाळत राहिले. मुलं खुसखुसायला लागली. मग त्यांनी वही मिटली, काठीनं मातीत एक रेघ ओढली आणि वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलीला हाक मारली. "ये बाय. तू दक्षिण आफ्रिका. पर तू दमानं, आदी दुसरी हायती."

तिथून पुढे ते थांबलेच नाहीत. आधी रशियाला रेघेवर आणलं. मग कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि अमेरिका झालेला मुलगा पळत पुढे आला. त्याच्या मागोमाग ऑस्ट्रेलिया. "घरंदारं सोडून मानसं पळत सुटली," तात्या सांगत होते, "खोरी घिऊन, घमेली घिऊन." मग उंच मुलगी आली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "ही बगा. जगातलं निम्म्याहून जास्त सोनं हिच्या एकटीचं, असाबी काळ व्हता. पर खाली जाऊन जाऊन खानी इतक्या खोल गेल्या, की आत दगूड तापल्याला. काढायचं तरी किती? बस बाय, हळूहळू बस." ती बसत गेली तसा मागून चीन झालेला मुलगा आवाज न करता पुढे सरकला आणि अख्खा वर्ग ओरडला, "गादी हलली." घानानं खुद्द आफ्रिकेतच उंच मुलीला मागे टाकलं तेव्हा तर शिपाईमामासुद्धा टाळ्या वाजवत होते.

"आणि भारत कुठाय?" एका मुलीनं विचारलं.

"आपन घालायला लय म्होरं," तात्या म्हणाले, "काढायला पार मागं. कोलारची खान व्हती मोठी, ती मिटली."

मी मोबाइलवर फोटो काढले होते. संध्याकाळी ते दाखवायला तात्यांच्या घरी गेले. तात्या मागे म्हशीला वैरण टाकत होते. यमुनाकाकू पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी फोटो नीट पाहिले, नवऱ्याचा उंचावलेला हात पाहिला.

मी सहज विचारलं, "हा नाद त्यांना मदुराईतच लागला का?"

"न्हाई गं. मी लावला." काकूंनी शेंगा बाजूला सारल्या. "सारी उमर तिकडं गेली. वर्साला दिवाळीला यायचे, आट दिवसांत परत. कायमचे आले तवा आमाला एकमेकाशी काय बोलावं त्येच कळंना. एष्टी स्टँडवर दोन परकी मानसं बसत्यात तशी बसायचो. येक दिवस कायतरी इचारायचं म्हून मी इचारलं, तुमी यवढं सोनं गाळलं, ते येतं कुटनं? तर ह्यांस्नी ठावं न्हाई. तोंड यवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी सांगलीला गेले, वाचनालयात बसून लिवून आनलं आन रातच्या जेवनाला मला समदं सांगितलं. तवापास्नं बोलत्यात."

"आणि तुम्हाला आवडतं ऐकायला?"

"मला काय करायचंय सोन्याचं? पर मानूस बोलतंय न्हवं."

तेवढ्यात तात्या हात धुऊन पुढे आले. काकूंनी मान वर करून विचारलं, "आवं, त्या रशियात बारा म्हैने बर्फ म्हनता. मग तितली जमीन खनत्यात तरी कशी?"

तात्यांनी ओले हात पुसले. मग माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमास्नी ठावं असंल."

मला माहीत होतं. मागच्याच आठवड्यात मी गोठलेली जमीन शिकवली होती. मी तोंड उघडणार, तोच काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. शेंगांच्या मातीनं खरखरीत झालेला हात होता तो.

"नाही हो, तात्या," मी म्हटलं. "मला नाही सांगता यायचं."

तात्यांचा चेहरा खुलला. "मग बगून सांगतो," ते बायकोला म्हणाले. काकू पायरीवर थोड्या सरकल्या आणि तात्या त्यांच्या शेजारी बसले.