कुरवाच्या पायातलं निळं कडं

फोटो १. वाळू.

फोटो २. वाळू आणि चष्मेवाल्याचा स्वतःचा अंगठा.

चष्मेवाला सकाळी साडेसहाला समुद्रकिनाऱ्यावर पालथा पडला होता तो इरेला पेटून. आठवड्यापूर्वी पक्षिमंडळाच्या ग्रुपवर त्याने टाकलं होतं, 'पायात संशोधकांनी निळं कडं घातलेला कुरव पाहिला.' अध्यक्षबाईंचं उत्तर आलं, 'चष्म्याचा नंबर वाढला असेल.' खाली सत्तावीस हसरे चेहरे. त्यातली एकोणीस त्याचीच गिऱ्हाइकं. दुसऱ्या दिवशी एकाने त्याच्या चष्म्याच्या दुकानात डोकावून विचारलं, "नंबर तुम्हीच काढणार? मग राहू द्या."

आता फोटो हवाच होता.

फोटो ३ ते ३८. कुरव. सगळे पाठमोरे, सगळे उडून जाताना.

"माणूस दिसला की पळतात," तो बायकोला म्हणाला. "मी या मातकट चादरीखाली पडून राहतो. तू स्टुलावर बस. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काहीही झालं तरी."

"काहीही झालं तरी?"

"लेखी देऊ?"

बायकोने ओठांवर बोट ठेवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याचं अक्षरशः ऐकायचं ठरवलं.

फोटो ३९. निघाला नाही. कारण फिरायला आलेले एक काका थबकले. चादर, चादरीबाहेर दोन तळवे, शेजारी गप्प बसलेली बाई.

"वहिनी, कधी झालं हो?"

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोलवत नाहीये बिचारीला," काका मागून येणाऱ्या मावशींना म्हणाले. "मिस्टर दिसतायत. बुडाले."

"चादर तर कोरडी आहे."

"वाळली असेल."

मावशींनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. खांदे गदगदत होते. "रडा हो, मोकळ्या व्हा," मावशी म्हणाल्या. बायकोने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

चादरीखाली चष्मेवाला ओरडणारच होता. तेवढ्यात त्याच्या पाठीवर काहीतरी येऊन बसलं. हलकंसं, दोन पायांचं.

"अगंबाई, पक्षी!" मावशी कुजबुजल्या. "आणि पायात निळं काय आहे हो त्याच्या?"

चष्मेवाल्याने श्वास रोखला.

"बघितलंत?" काका म्हणाले. "मघाशी जरा धुगधुगी होती. आता तीही गेली."

त्यांनी फोन लावला. रुग्णवाहिका आली, तरी कुरव पाठीवरच. ड्रायव्हर दहा पावलांवर थांबला, आधी त्याने मोबाइलवर फोटो काढला, मग स्ट्रेचर काढलं. स्ट्रेचर खडखडलं, कुरव उडाला आणि चष्मेवाला उठून उभा राहिला. काका वाळूत मटकन बसले.

"फोटो काढला का कुणी?" प्रेताने विचारलं.

शेवटचा फोटो. त्याच्या कॅमेऱ्यातला नाही. ड्रायव्हरकडून मिळाल्या मिळाल्या त्याने तो ग्रुपवर टाकला, घाईघाईत, एक अक्षरही न लिहिता. त्यात कुरव होता, लख्ख निळं कडं होतं आणि खाली एक मातकट, गोलसर उंचवटा.

दुपारी अध्यक्षबाईंनी लिहिलं, 'नोंद मान्य. आमचं चुकलं. फोटो प्रदर्शनात लावू. नाव देतोय: खडकावर विसावलेला कुरव.'

सत्तावीस टाळ्या.

'तो खडक नाही, मी आहे,' चष्मेवाल्याने टाकलं.

'नंबर तपासा,' अध्यक्षबाईंचं उत्तर. पुन्हा सत्तावीस हसरे चेहरे.

त्याने फोन बायकोपुढे धरला. "तू सांग ना त्यांना. तू होतीस ना तिथे!"

बायकोने ओठांवर बोट ठेवलं.