पिंडावर ड्रोन

तोताराम नानांच्या दहाव्याला ड्रोन आणायचा हट्ट त्यांच्या एकुलत्या मुलाचा, हेमराजचा होता.

"जिजाजी, वरून घ्या. कॅनडातल्या काकांना गर्दी दिसली पाहिजे."

जिजाजी म्हणजे हितेंद्र, पाचोऱ्याला भूगोल शिकवणारे मास्तर. सुटीत ड्रोन उडवायचे. रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारा हा माणूस.

"नोंदणी आहे, चारशे फुटांच्या आत ठेवीन, नजरेआड जाऊ देणार नाही. पण माणसांच्या डोक्यावर उडवायला मनाई आहे."

"मयताच्या कामाला कोण नियम लावतं?"

सासुरवाडीत दुःखाच्या दिवशी वाद नको म्हणून मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला.

नानांनी एरंडोलचं घर हयातीतच हेमराजच्या नावावर केलं होतं, आणि नाना जाऊन आठवडा होत नाही तोच हेमराजने गिऱ्हाईक पाहिलं होतं. आई एक महिना त्याच्या जळगावच्या फ्लॅटवर, एक महिना लेकीकडे, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. शेवंताबाईंना कुणी विचारलंसुद्धा नाही. चाळीस वर्षं त्या घरात काढलेल्या बाईचे असे हाल पाहून कुणाचंही काळीज तुटावं, पण भाऊबंद चहा पीत राहिले.

अंजनी नदीच्या काठी पिंड ठेवला. समोरच्या निंबावर कावळे ढिगाने होते, पण एकही खाली उतरेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वर ड्रोन घोंगावत होता.

नानांचे थोरले भाऊ छगन आबा म्हणाले, "नानाना जीव कशामा तरी अडकेल शे. हेमराज, बोल काहीतरी!"

हेमराज हात जोडून म्हणाला, "नाना, वर्षश्राद्ध थाटात करीन."

कावळे ढिम्म.

मास्तरांच्या मात्र लक्षात आलं. ते शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या कानाशी म्हणाले, "आई, कावळे ड्रोनला भ्यालेत. उतरवतो."

शेवंताबाईंनी डोळे पुसले. "आखो कितला मिनिटं उडी ते?"

"आठ."

"मंग उडू द्या."

मास्तर चरकले, पण बोटं जागीच राहिली.

"आईला दर महिन्याला खर्चाला देईन," हेमराज म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत. "आईला पाळीने फिरवणार नाही!" तरीही नाही. उन्हात बसलेली मंडळी कुरकुरू लागली. "बठ्ठा लोक उपाशी शेतस," छगन आबा सगळ्यांकडे हात करून कडाडले. "घरनं काय ते बोल!"

हेमराजला घाम फुटला. "घर विकणार नाही! आईच्या नावावर करतो!"

तेवढ्यात बॅटरी संपत आली आणि ड्रोन खाली उतरला. पाठोपाठ निंबावरचे सगळेच कावळे पिंडावर तुटून पडले.

शेवंताबाई तोंडाला पदर लावून हमसून रडल्या. "जितापनी त्यासले कधी उपाशी ठेवं नही मी," त्या पुटपुटल्या. ते फक्त मास्तरांना ऐकू आलं.

कावळे कशाला भ्याले होते ते हेमराजलाही दिसलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो पोलिस ठाण्यात गेला. गर्दीवर बेकायदा ड्रोन उडवला, अशी तक्रार. मास्तर ड्रोन घेऊन हजर झाले, सोबत शेवंताबाई.

हवालदार राजदीपने कागद ओढला. "तुमचं नुकसान काय झालं?"

"घर गेलं ना साहेब!"

"कसं गेलं? सविस्तर सांगा."

हेमराजने सगळं सांगितलं. राजदीपने वाचून दाखवलं, "'मी दहाव्याला सर्वांसमक्ष घर आईच्या नावावर करण्याचं कबूल केलं.' करा सही."

"ते वाक्य काढा."

"मग नुकसान काय राहिलं? नुकसान नाही तर तक्रार कशाची?"

हेमराजने कागद मागे सरकवला, पुन्हा ओढून घेतला. मग मास्तरांकडे रागाने पाहून त्याने सही ठोकली.

राजदीप मास्तरांकडे वळला. "कावळे येत नाहीत हे दिसत होतं ना? मग लगेच का नाही उतरवला?"

शेवंताबाई उठून बोलायला लागल्या, तोच मास्तर म्हणाले, "बटण अडकलं होतं साहेब." असं धडधडीत खोटं त्यांच्या तोंडून पूर्वी कधी निघालं नव्हतं. कान लाल झाले, पण जबाबावर त्यांनी सुवाच्य अक्षरात सही केली.

ड्रोन जप्त झाला. शेवंताबाईंनी तक्रारीची नक्कल मागून घेतली, चार घड्या घालून पिशवीत ठेवली आणि बाहेर आल्या.

"चला जवाईबापू," त्या म्हणाल्या, "मना घर चहा पिऊत."