मितू आवाज भरते

आमच्या घरात न्हाणीघराच्या दाराला तेल घालायला बंदी आहे. बिजागरी गंजली आहे. दार उघडलं की ती आधी खाली कण्हते, मग हळूहळू वर चढते आणि शेवटी एकदम किंचाळते. एका रविवारी मी वैतागून तेलाची बुधली घेऊन आलो, तर माझी पुतणी मितू दोन्ही हात पसरून दारात उभी.

"मोठेबाबा, तेल नका घालू! चांगलं गाऊन राहिलं ना ते!"

"दार गात नसतं, मितू. गंजलंय ते."

"गंजलं म्हणूनच तं गाते."

बायकोने, म्हणजे रजनीने, तिचीच बाजू घेतली. "राहू द्या. पोरीचं मन काहून मोडता?" मी बुधली ठेवून दिली. भांडायलाही अंगात काही शिल्लक लागतं. माझी नोकरी अकोल्याला, घर अमरावतीत. रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, संध्याकाळी परतायचं. घरी पोचतो तेव्हा समोर ताट यावं आणि कुणी काही विचारू नये, एवढीच इच्छा उरलेली असते. नेमकी अशा माणसाच्या घरी ही पोर राहायला आली.

मितू म्हणजे संघमित्रा. माझ्या धाकट्या भावाची, गौतमची, एकुलती एक मुलगी. दर्यापूरहून अकरावीला अमरावतीत आली. आमचा मुलगा नोकरीला बाहेरगावी, त्याची खोली रिकामी होती, ती तिला दिली. अंगाने काडी, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. हातात काच तडकलेला फोन. त्या फोनवर ती आवाज भरते. गाणी नाही, आवाज. कुकरची शिट्टी, मिक्सरमधलं खोबरं, पत्र्यावर हात मारून वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकलणाऱ्या शेजारच्या आजी, मागे येताना टीटी करणारी कचरागाडी. हे सगळं ती फोनमध्ये एकावर एक चढवते, त्याला ठेका देते, आणि मग माझ्या कानाला लावते.

"कसं वाटून राहिलं?"

"कुकर वाटतो."

"कुकर तं हायच. पन मांगून मोठी आई खोकलली ते आयकलं का? बराबर समेवर खोकलली!"

रजनीला याचा इतका आनंद झाला की त्या आठवड्यात तिने खोकल्याचं औषध घेतलं नाही.

नुसते आवाज असते तर मी कानात कापूस घातला असता. पण मितू चित्रंही काढते, आणि चित्रांसाठी तिला फूल, डोंगर, मोर असलं काही चालत नाही. तिला पाण्याच्या टाकीवरचे गंजाचे ओघळ लागतात. संत्र्याची वाळलेली सालं लागतात. सिमेंटच्या पोत्याचा राखाडी आणि रिक्षाच्या टपाचा पिवळा लागतो. एकदा मी पाय पाण्यात बुडवून बसलो होतो, तर ही समोर उकिडवी बसली.

"मोठेबाबा, हालू नका. टाचा दाखवा."

"काहून?"

"भेगा लय भारी हायेत. उन्हाळ्यातल्या वावरासारख्या."

तासभर मी टाचा वर करून बसलो. पाठ अवघडली. चित्र मात्र असं उतरलं की माझा साडू ते पाहून म्हणाला, यंदा तुमच्याकडे पाऊस कमी का? रजनीने ते फ्रिजवर लावलं. आता पाणी घ्यायला गेलो की माझ्याच टाचा माझ्याकडे पाहतात.

एका शनिवारी ती माझ्यासोबत अकोल्याला आली. "गाडीतले आवाज पायजेत," म्हणाली. आमचा अपडाऊनवाल्यांचा डबा ठरलेला, जागाही ठरलेल्या. त्यात माझे सहकारी देशमुख खिडकीला डोकं टेकवून रोज मूर्तिजापूर यायच्या आत घोरायला लागतात. मितूने फोन हळूच त्यांच्या तोंडाजवळ नेला. देशमुखांना जाग आली.

"हे का चालू हाय?"

"काका, तुमी झोपा ना. मस्त चालू होतं."

"का मस्त चालू होतं?"

मितूने ऐकवलं. रुळांचा खडखडाट, त्यावर देशमुखांचं घोरणं, मध्येच शेंगदाणेवाल्याची हाक. डब्यात हसू फुटलं. देशमुख लालबुंद झाले. मला वाटलं, आता सोमवारी ऑफिसात बोलणं बंद. पण ते फोनकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "पुन्हा लाव बरं." मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले, पण त्या दिवशी त्यांना काही केल्या झोप लागेना. कुणी ऐकतंय म्हटल्यावर माणसाला घोरताही येत नाही. मितू निराश, देशमुख तिच्यापेक्षा निराश.

हे असं चाललं होतं आणि दिवाळीनंतर कॉलेजातून फोन आला. संघमित्रा सहामाहीत फिजिक्समध्ये नापास आहे, वर्गात लक्ष नसतं, परवा प्रयोगशाळेत लोलकाचे झोके मोजायचे सोडून स्टॉपवॉचची टिकटिक फोनमध्ये भरत होती, पालकांना पाठवा. मी गौतमला निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं, "रविवारी येतो. तिले घेऊन जातो. झालं तेवढं बस."

मितूने ते वाचलं. त्या दिवशी तिने काही भरलं नाही. जेवताना ताटात बोटाने रेघा ओढत बसली. घर इतकं शांत झालं की मला, शांततेसाठी तडफडणाऱ्या माणसाला, घास गिळवेना.

रविवारी दुपारी गौतम आला. माझा हा भाऊ दर्यापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनपाशी काम करतो. तरुणपणापासून तिथेच आहे. त्या मशीनच्या आवाजाने त्याचे कान गेले. आता अगदी जवळ जाऊन ओरडलं तर थोडं कळतं, बाकी तो ओठांवरून ओळखतो. पूर्वी गप्पिष्ट होता. स्वतःचा आवाज ऐकू येईना तसा बोलायचाही कमी झाला. मितूचा आवाज मोठा का, हे आता कळलं असेल.

पाणी पिऊन तो लगेच मुद्द्यावर आला. "पोरीनं का लावलं हे? अथी शिकाले धाडली का खेळाले?"

रजनी ओरडून म्हणाली, "भाऊजी, हुशार हाय ती! एका विषयानं का होते?"

त्याला ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. "सामान भर," तो मितूला म्हणाला.

मितू खोलीत गेली. मला वाटलं, बॅग आणेल. तिने आणली एक लांबलचक कागदाची गुंडाळी. ड्रॉइंगचे कागद एकाला एक चिकटवून केलेली. ती तिने फरशीवर उलगडली, चारी टोकांना चपला ठेवल्या आणि बापाचा हात धरून त्याला खाली बसवलं. कागदावर पट्टेच पट्टे होते. जाड, बारीक, तुटक, नागमोडी. तो गंजाचा रंग, तो रिक्षाचा पिवळा, सगळे त्यात होते.

एरवी ओरडून बोलणारी ती पोर या वेळी ओरडली नाही. बापाच्या तोंडासमोर तोंड धरून सावकाश म्हणाली, "बाबा, हा आपल्या दर्यापूरच्या घराचा दिवस हाय. दिवाळीत आली तवा भरला. तुमाले आयकू येत नाई म्हून काढला."

मग तिने त्याचं बोट धरलं आणि कागदावरून चालवू लागली. हे नळाला पाणी आलं. ही आई भाकर थापून राहिली. हा जीपवाला, परतवाडा परतवाडा ओरडून राहिला. गौतमचं बोट रंगांवरून सरकत होतं. एका जागी कागद जवळजवळ पूर्ण काळा होता. तिथे ते थांबलं.

"हे का हाय?"

"जिनिंग. तुमाले डबा द्याले आली होती ना, तवा भरलं. बाबा, मशीनपाशी मले उभं राहवलं नाई. तुमी कसे राहता?"

गौतम त्या काळ्या पट्ट्याकडे वाकून पाहत होता. मग त्याने नखाने एक जागा दाखवली. काळ्याच्या शेवटी, जिथे पट्टा तुटत होता, तिथे पिवळे बारीक ठिपके होते.

"अन् हे?"

"चिमन्या."

"कोनत्या चिमन्या?"

"जिनिंगमधल्या. वर पत्र्याखाली हायेत. मशीन थांबली का साऱ्या एकदम बोलतात."

गौतमने त्या ठिपक्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. "मले मालूम नोतं," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "मशीन थांबली का मी हात धुवाले जातो. मले मालूमच नोतं."

रजनी डोळ्याला पदर लावून चहा ठेवायला गेली. सामानाचा विषय कुणी काढला नाही. चहा झाल्यावर गौतमने मला विचारलं, फिजिक्सची चांगली शिकवणी कुठे आहे. मी म्हटलं, पाहतो. तो म्हणाला, "पाह्य. पन तिचं हे बंद नको करू."

संध्याकाळी आम्ही त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. दर्यापूरची गाडी भरलेली होती. मितूने दिलेली गुंडाळी गर्दीत दबू नये म्हणून ती डोक्यावर उभी धरून तो आत शिरला आणि खिडकीपाशी जागा मिळवून बसला. गाडी सुरू झाली तसं त्याने डोकं बाहेर काढलं. किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. अख्खं स्टँड वळून पाहू लागलं.

"मितू! त्या किती बोलतात वं? लय का?"

एवढ्या गोंगाटात ओरडून उपयोग नव्हता. मितूने दोन्ही हात वर केले, बोटांच्या चोची केल्या आणि भराभरा उघडमिट करू लागली. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच करत राहिली.