कोरगावचं अंगठ्याचं मशीन

गोकुळदास शेटांनी आपल्या काजूच्या कारखान्याच्या दाराला हजेरीचं अंगठ्याचं मशीन बसवलं आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी मोपाच्या विमानतळावरल्या एका दुकानाला चार वाजेपर्यंत चाळीस डबे काजूगर पोचवायचे होते. पहिलीच ऑर्डर. उशीर झाला तर दुसरी मिळणार नाही, असं दुकानवाल्यानं तोंडावर सांगितलं होतं. मुहूर्त काढावा तर असा!

मशीन आलं ते पणजीतल्या एका व्याख्यानामुळे. 'प्रगत देशांत जिकडेतिकडे संगणक आले,' इतकं शेटांनी भक्तिभावानं ऐकलं आणि ते चहाला उठले. 'तरी तिथली उत्पादकता म्हणावी तशी का वाढेना, हे कोडं अजून सुटलेलं नाही,' हे पुढचं वाक्य भज्यांच्या वासात हुकलं. अर्ध्या वाक्यावर लोक लग्नं करतात, शेटांनी नुसतं मशीन घेतलं.

सकाळी आठला कारखान्यातल्या अठरा बायका ठसे नोंदवायला दारात उभ्या राहिल्या; ठसा जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही, ना बाहेरून ना आतून. सगळ्यांत जुन्या सरस्वतीबायनं अंगठा टेकवला.

"ठसा दिसत नाही," मशीन म्हणालं. दुसरीला तेच, तिसरीलाही तेच.

"दिसतलो खंयसून?" सरस्वतीबाय म्हणाली. "वीस वर्सां काजी फोडतंय. सालीच्या तेलान बोटांवरच्यो रेषा कधीच खाल्ल्यान!"

ठसा होता तो एकट्या शेटांचा, कारण त्यांनी जन्मात एक काजू फोडला नव्हता. अंगठा टेकवून ते मशीनवाल्याच्या नंबरचा कागद शोधायला तडक आत गेले आणि मागे दार आपोआप बंद झालं. कागद सापडला काजूच्या सालींच्या पोत्यांखाली. शेटांनी नुसत्या हातांनी पोती हलवली. मशीनवाला फोनवर म्हणाला, "उद्या येतो." शेट चरफडत दाराशी आले, अंगठा टेकवला. तो सालींच्या तेलानं कोळशासारखा काळा झाला होता.

"ठसा दिसत नाही."

"अगो बाय माझे!" बाहेरून सरस्वतीबाय हसली. "शेट, तुमीय आमच्यातले झालास!"

"हसतेस काय? मोपाचे डबे कसे जायचे?"

खिडकी एकच होती. तिच्यातून ताट जाईल, माणूस नाही. सरस्वतीबायनं पदर खोचला. "शेट, ताटां भायर दियात! डबेय दियात!"

अठरा जणी पडवीत डबे भरायला बसल्या. शेट आतून काजूगरांची ताटं देत होते, भरून आलेले डबे मोजणीसाठी मशीनला जोडलेल्या काट्यावर ठेवून पुन्हा बाहेर देत होते. दुपारी रडकुंडीला येऊन ते म्हणाले, "बाय, माझ्या हातांचं काहीतरी कर गे."

"खोबरेल आसा माझ्याकडे. पण आदी डबे, मगे तुमी!"

तीन वाजताच टेम्पो मोपाला गेला. चाळीसच्या जागी साठ डबे भरले होते आणि दुकानवाल्यानं साठही ठेवून घेतले. मग खिडकीतून खोबरेल आणि राख आत आली. शेटांनी तासभर हात घासले आणि एकदाचं दार उघडलं. तेवढ्यात मोबाइलवर मशीनचा अहवाल आला: 'हजर कामगार: एक. उत्पादन: साठ डबे. अभिनंदन!'

शेटांनी तो मोठ्यानं वाचला. पहिल्या तीन शब्दांवरच बायका हसत सुटल्या. शेटांनी मात्र काळपट हात जोडले. "बायांनो, आज तुम्ही माझी लाज राखलीत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. उद्याच ते मशीन काढून टाकतो."

"नको हां, शेट!" सरस्वतीबाय घाईघाईनं म्हणाली. "रवांदे ता. आज दर घटकेक 'किती झाला?' म्हणून इचारूक कोण इलो नाय. तुमी आत अडाकलास, म्हणान साठ झाले!"